चालता दगड, प्रती तीनशे

दिवसा मी माणसांचे चेहरे कापते.
शनिवार खुटाजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात
वाढदिवसवाल्यांच्या मानेमागची भिंत पुसते,
मेलेल्यांच्या डोळ्यांतली तांबूस झाक काढते.
कधी कधी एकच फोटो दोन्हीकडे चालतो,
फक्त फुलं बदलायची.

रात्री शटर अर्धं ओढून
त्याच कॉम्प्युटरवर मी एक दगड चालवते.

हद्दीचा दगड. कमरेएवढा.
एका अंगाला एक लिपी, दुसऱ्या अंगाला दुसरी.
अमावास्येला तो स्वतःला उपटून घेतो
आणि ऊस तुडवत निघतो.
जिथं बसेल तिथली माणसं सकाळी उठतात
तर तोंडात दुसऱ्याचे दात.
म्हशींना तेवढं कळतं.
पान सतराला एका म्हशीनं मागं वळून बघितलंय,
त्या एका मानेला मला अकरा रात्री लागल्या.
मालकाची बहीण डोकावून म्हणाली,
काय काढूलालीस गे, म्हस?
होय की, म्हटलं.

सगळं जमलं.
उसाच्या पात्याची काळी धार जमली,
मार्कंडेयच्या पाण्यात बुडालेलं विजेचं खांब जमलं.
दगडाचे फुगे तेवढे रिकामे राहिले.
मराठीत बोलवला, तर शेजारचा वाटला.
कन्नडात बोलवला, तर शाळेतल्या बाई.
दोन्ही भाषांत मी लहानपणापासून
पावशेर साखर उधार आणलीय,
भीती कुठून आणू?
तसेच पाठवले प्रेसला. पांढरे.

हुंदरेकाकांनी पानं उलटली.
चित्रांचं पुस्तक, आणि दोनशे ऐंशी?
पोरांची तीसला मिळतात.
पोरांचं नाही काका, भुताचं आहे.
मग भुताला वीक.
पण काळी शाई त्यांनी दोनदा फिरवली,
पैसे एकदाचेच घेतले,
आणि ते बोलले नाहीत, म्हणून मीही नाही.

स्टँडवरच्या इराप्पानं पाच प्रती ठेवून घेतल्या,
राशीभविष्य आणि पोलीस भरतीच्या मध्ये.
उद्यमबागेत कॉलेजच्या पोरांनी
मुखपृष्ठाचे फोटो काढले, छान म्हणाले, चहाला गेले.
महिन्याभरात गेल्या एकोणीस.
त्यातल्या चार माझ्या मावसभावानं घेतल्या,
एकच वाचायची होती त्याला.

मग फ्लेक्सच्या उरलेल्या कडांवर
मी दगडाचा फोटो छापला.
ह्याला पाहिलंत का? खाली माझा नंबर.
दोन्ही लिप्यांत.
टेम्पोच्या पाठीवर, तंबाखूच्या वखारींवर,
संकेश्वरच्या पुढं ढाब्याच्या मोरीवर.

तिसऱ्या दिवशी फोन आला.
काल आमच्या बांधावर होता, बाईमाणूस म्हणाली,
आज दिसेना.
मी हसले. ती हसली नाही.
कुठल्या बाजूला गेला, विचारलं मी,
का विचारलं कुणास ठाऊक.

त्या आठवड्यात ऐंशी प्रती गेल्या.

परवा निपाणीहून एक प्रत परत आली,
विडीच्या दोऱ्यानं बांधलेली.
वर लेकीच्या अक्षरात नाव: लगमव्वा चौगुले.
आईला लिहिता येत नाही, चिठ्ठीत होतं,
पण फुगे मोकळे बघून तिला राहवलं नाही.

प्रत्येक फुग्यात खळ लावून
चिकटवली होती तंबाखूची चिमूट.
लहान फुग्यात थोडी.
दगड बांधावर ओरडतो त्या मोठ्या फुग्यात
अख्खी मूठ.

पान सतरा उघडलं आणि मला ठसका लागला.
थांबेना. डोळ्यांतून पाणी,
शटर अर्धं, रस्त्यावर कुणी नाही,
आणि ठसका थांबल्यावरही
खोकल्याचा आवाज येतच होता.

मी मागं वळून बघितलं.

आता दुसरी आवृत्ती.
हुंदरेकाका विचारतील, शाई कुठली.