तुरटी उतरत नाही

मोल्याच्या नाक्यावर हवालदारानं टॉर्च आत फिरवला:
गादीची वळकटी, मिक्सर, शिलाई मशीनचं मुंडकं,
दोरीनं आवळलेले पिठाचे डबे,
आणि पुढच्या सीटवर, पट्टा लावून, तुरटी.
गाडीचे कागद त्यानं वरवर पाहिले.
तिचं लसीचं पुस्तक मात्र पान न् पान वाचलं:
पशुवैद्यकीय दवाखाना, चंद्रपूर. वजन अठरा किलो.
रंग पांढरा, आणि डॉक्टरांनी कंसात: (मळका).

तीन दिवस झाले निघून.
नांदेडला लॉजवाला म्हणाला, कुत्रं चालणार नाही.
मग मीही चालणार नाही,
हे उत्तर मला लातूर आल्यावर सुचलं.
विजापूरच्या अलीकडे, उभ्या ट्रकच्या सावलीत
तिनं माझी अर्धी भाकर खाल्ली
आणि सगळं ऊन माझ्यासाठी ठेवलं.

रोज चार वाजता सूर्य समोरच्या काचेत येऊन बसायचा,
आम्ही दोघी डोळे बारीक करून त्याच्याच मागे.
पश्चिमेला जायचं म्हणजे
संध्याकाळ जराशी उशिरा होते, एवढंच.
रोजची सहा-सात मिनिटं,
तीन दिवसांची मिळून वीस.
तुरटीचं पोट अजून चंद्रपूरच्या वेळेवर आहे.
अंधार पडायच्या आधीच ती वाटीकडे बघते, मग माझ्याकडे,
जसा काही उशीर मीच केला.

अनमोडच्या घाटात दोनदा ओकली.
नंतर काचेच्या फटीत नाक घालून बसली.
कोळशाच्या धुळीत वाढलेलं नाक ते,
जन्मभर एकच वर्तमानपत्र वाचलेलं.
घाटभर तिनं एकदाही मागे पाहिलं नाही.
मी आरशात पाहत होते. आरशात गादी होती.

बोरीच्या पुलावर मी गाडी हळू केली.
आमची इरई एकाच बाजूला वाहते, असेल तेव्हा.
ही झुवारी भरतीला उलटी चालते म्हणे,
दिवसातून दोनदा पूर्वेकडे जाऊन येते,
कुणाला न विचारता.

लोटलीत, एस्पेरांसबाईंच्या अंगणात, गाडी थांबली.
दार उघडलं. तुरटी उतरत नाही.
बिस्किट. नाही. पाणी. नाही.
ये वं, उतर ना वं, काहून अशी करतेस?
हा 'वं' कळणारं इथून पाचशे मैलांत
आता एवढं एकच माणूस.

"सुणें चाबता?" बाईंनी पायरीवरून विचारलं.
चावत नाही, म्हटलं, उतरत नाही.

तिचं तरी काय चुकलं?
क्वार्टर रिकामं होताना तिनं बघितलं,
खोली खोली हुंगून आली, कपाटामागची भिंतसुद्धा.
जे उरलं ते सगळं या गाडीत आहे.
गादी आहे, डबे आहेत, मी आहे.
घरातून घरात कुणी उतरतं का?

बाईंनी टवका उडालेल्या ताटलीत भात आणला, वर माशाची कढी.
तिनं सीटवरूनच मान लांबवून खाल्ला.
बाई बघत राहिल्या, मग सांगू लागल्या:
त्यांचा फेलिसियान बोटीवर होता.
अकरा महिन्यांनी घरी आला की आठवडाभर
बाहेरच्या बाकड्यावरच झोपायचा.
पलंग हलत नाही, म्हणायचा. भीती वाटते.
"तुम्ही काय करायचात?"
काय करणार, उशी नेऊन द्यायची.

खोलीची किल्ली खिशात ठेवून
मी परत गाडीत बसले. सीट मागे केली.
सोमवारी वेर्ण्याच्या कारखान्यात हजर व्हायचं होतं;
सोमवार अजून लांब होता.
बाईंच्या स्वयंपाकघरातला दिवा गेला.
तुरटीनं हँडब्रेकवर डोकं टेकलं.

पहाटे कधीतरी दार करकरलं म्हणून डोळा उघडला.
एक पंजा खाली टाकला होता तिनं.
लगेच वर घेतला.
लाल माती लागली होती नखांना.
ती चाटून बघत होती,
सावकाश, बराच वेळ.