सात बाजू

डिचोलीच्या बाजारात माझा स्टुडिओ.
आधारकार्डं, साखरपुडे, मयताला लावायचे चेहरे.
दुपारी सोयरू कुंभार आला,
काखेत टॉवेलात गुंडाळलेला खुजा.
शटर अर्धं ओढायला लावलं.
"कोणाच्या नजरेस पडलेला नाही अजून.
म्हापशाची फुर्तादबाय वकील, तिनं बजावलंय,
आधी कागद कलकत्त्याला, मग खुजा बाजाराला."

मागचा खुजा आधी बाजाराला गेला होता.
कान जोडताना त्याने मुळाशी अंगठा दाबलेला,
लहानपणी कोयत्याने चिरलेला तोच अंगठा,
मधोमध तिरकी रेघ.
वर्षभरात म्हापशाच्या शुक्रवारी
साच्यातून निघालेले शेकडो,
प्रत्येकाच्या कानाशी तीच चीर.
एकाच्या खळगीत त्याने अंगठा टेकवून पाहिला.
जरासा अडकला.
साच्यातली माती सुकताना आकसते,
हे त्याला कोणी सांगायला नको.
विकणारा म्हणाला, घेतोस काय? दोनशे.

"तो गेला," फुर्तादबाय म्हणाली होती.
बाजार बघून आलेली वस्तू
नवी म्हणून नोंदत नाहीत,
तुझी असली तरी.

मी पांढरा कागद टांगला, दोन्ही दिवे लावले,
सावली पडता कामा नये.
समोरून, पाठीमागून, दोन्ही कुशींनी,
वरून (गळ्यात नुसता काळोख),
एक तिरपा,
शेवटी पालथा घालून बूड.
"बूड कोण बघतं रे?"
"सरकार."

ओतताना थेंब ओघळत नाही,
हे त्याने तीनदा सांगितलं.
म्हटलं, ते फोटोत येत नाही.
"अर्जातही येत नाही. डोळ्याला दिसतं
तेवढंच राखतात म्हणे. दहा वर्षं,
पैसे भरले तर वर पाच."
बोटं मोजली.
"तोवर मी सत्याहत्तर."

कान या वेळी गुळगुळीत होता.
मी वाकून शोधलं, विचारलं,
आणि अंगठा?

त्याने खुजा माझ्याकडे सरकवला.
"बोट घाल. खाली नको,
गळ्याच्या आत, कानाच्या पाठीमागे.
साचा बाहेरून घेतात."

खळगी लागली,
आणि खळगीत, भाजून टणक झालेली,
केसाएवढी उंच
तिरकी रेघ.

सातांचे पैसे त्याने मोजून दिले,
टॉवेलाला गाठ मारली,
आणि मी शटर वर करेपर्यंत
खुजा पोटाशी धरून उभा राहिला.