पोटचं, पाठचं

गिलगिलजवळ ओढ्याने कापलेला मातीचा कडा,
कड्यात वेड्या राघूंची बिळं.
वांगेचीच्या वहीत पायातल्या कड्यांवरून नावं:
लाल-पिवळी म्हणजे बाप,
निळी-निळी त्याचा थोरला.

थोरल्याने यंदा स्वतःचं बीळ कोरलं, हातभर खोल.
मादीसाठी मधमाशी आणली,
फांदीवर घासून, नांगी काढून.
तर बाप दारातच.
टोचलं नाही, हुसकलं नाही,
नुसता बसला चोच वासून,
पिल्लासारखा मागत.

चार दिवस.

पाचव्या दिवशी निळी-निळी
माशी घेऊन बापाच्या बिळात शिरला,
डोळे न उघडलेल्या भावंडांकडे.

यात तोटा नाही, वांगेची सांगते.
पोटचं काय, पाठचं काय,
रक्त निम्मंच.
आणि पाऊस हुकला की
एकट्या जोडप्याची पिल्लं
बिळातच सुकतात.
वहीच्या मागच्या पानावर तिने गणित मांडून दाखवलं.
बरोबर होतं.

मग पेन्सिल केसात खोचून उठली.
महिनाअखेर. नाकुरूची मटाटू गाठायची,
धाकट्याची फी भरायची.

माझ्या दारात कुणी बसलं नव्हतं,
उतारावरून म्हणाली, मी न विचारताच.
बसावं लागलंच नाही.