बिनकाट्याची ओळ

समितीच्या खुर्च्या काल संध्याकाळी
मीच लावल्या होत्या. सात.
एकीचा पाय डुगडुगतो,
ती उमेदवारासाठी ठेवली.
दुसरी नव्हतीच.

आज तिच्यावर मी बसले आहे
तोल डाव्या मांडीवर धरून.

व्हरांड्यात रज्जाकमामूंनी नाव पुकारलं.
नऊ वर्षं मला शाला म्हणणारा माणूस
कागदात बघून म्हणाला,
"रोडगे देवशाला किसनराव."
मलाही क्षणभर वाटलं, ही कोण?

बाहेरून आलेले तज्ज्ञ फाईल उलटतात.
"नऊ वर्षं कंत्राटी?"
हो सर. अकरा-अकरा महिन्यांची नऊ वर्षं.
मधल्या एकेका महिन्यात
विद्यापीठाच्या कागदावर मी नव्हते,
करडई होती.

शोधनिबंध किती, विचारतात. सांगते.
"कमी आहेत," कुणीतरी म्हणतं
माझ्याकडे नाही, चहाकडे बघत.
चहा गार झालाय.
तोही मीच सांगितला होता, दहाला.

उजव्या अंगठ्यात कूस आहे,
शनिवारच्या काढणीची.
करडई पहाटे काढतात. दवात काटे नरम असतात.
उन्हं वर आली की, प्रयागबाई म्हणते,
ती माणूस वळखत नाही.
हे मी इथे बोलत नाही.
साडेअकरा वाजून गेलेत.

"तुमच्या बिनकाट्याच्या वाणात तेल किती?"
सव्वीस टक्के.
"आणि काटेरीत?"
एकतीस.
"म्हणजे काटा गेला की तेलही जातं?"

उत्तर पाठ होतं. इंग्रजीत होतं.
न्हाणीतल्या आरशापुढे तीनदा म्हटलं होतं.
तोंडातून आलं ते असं:
माहीत नाही सर.
सात पिढ्या झाल्या.
आठवी पेरली की थोडं कळेल.
सगळं नाही.

कुणाचं तरी पेन थांबलं.
किंवा शाई संपली असेल.

"या तुम्ही."

दुपारी मुलाखतीच्याच कपड्यांत प्रक्षेत्रावर गेले.
परभणीचं मार्चातलं ऊन,
भेगाळलेली काळी,
आणि काढायच्या राहिलेल्या तीन ओळी.
चौदाव्या ओळीत, गुळगुळीत बोंडांमध्ये,
एक झाड कडक काटेरी.
गेल्या साली एखादी मधमाशी बांध ओलांडून आली असेल.
माझ्या नजरेतून ते सुटलं कसं?

नियम साधा आहे: भेसळ उपटायची.
प्रयागबाईनं धडुतं गुंडाळलेला हात पुढे केला.
थांब, म्हणाले.
गळ्यातलं कार्ड काढलं, उमेदवार क्रमांक सहा,
पाठीमागे तारीख लिहिली, ओळ, झाड,
आणि त्याच्याच दोरीनं खोडाला बांधू लागले.

"ह्याचं बी येगळं ठिवायचं?"
हाव.
"अन् पुढल्या साली पेरायचं कोण?"

गाठ बसेना.
अंगठा ठणकत होता.