सत्तेचाळीस

दुपारी दीड वाजता कमाल चौकात
पारा सत्तेचाळीस, मोबाईल सत्तेचाळीस.
एक चढून रायला, दुसरा उतरून रायला,
अन् मधात मी, ई-रिक्षा कडुलिंबाखाली लावून
सवारीची वाट पाहत.

बर्डीवरच्या नेवारेनं सांगतलं होतं,
फोन काउंटरवर उलटा ठेवून, नाडी पाहावं तसा :
"काकू, बॅटरी खराब नाई, तिले ऊन लागलं.
काचेमागं ठेवत जाऊ नका.
उजेड कमी करा, लोकेशन बंद करा.
पोटभर चारू नका, ऐंशीवर प्लग काढा.
अन् चार्जिंगले लावून बोलत तर बसूच नका."
मी म्हटलं, बाप्पा,
एवढं पथ्य तर बाळंतिणीलेई नसते.

तरी पाळते.
ओल्या दुपट्ट्यात एकदा ठेवून पाह्यला,
आतून काचेले घाम फुटला.
आता सुक्या रुमालात, डब्याच्या पिशवीत, कांद्याच्या शेजारी.
कांदा मले लू लागू नये म्हणून,
रुमाल त्याले.
सकाळी सकाळी येणारे गुलाब मी उघडतच नाई,
फुलं लय करंट खातात.

तसं बॅटरीचं मले कोणी शिकवू नये.
माह्या सीटखाली चार हायत,
वेळेवर पाणी नाई दिलं तर रुसतात.
चढ पाहून, ओझं पाहून हात आखडता घ्या लागते.
सवाऱ्या म्हणतात, हे बाई बोलत काऊन नाई?
अरे, मीई वाचवून ठेवते थोडी.

नऊ वाजता आम्रपालीचा फोन येते, नाशिकहून, नर्सिंगच्या होस्टेलातून.
तिचं बोलणं तेरा टक्क्याचं.
वॉर्डातलं सांगते, मेसची भाजी सांगते,
कोणाशी भांडण झालं असन तर अठरा.
मी नुसती हो हो म्हणते.
ऐकाले कमी लागते, असं मले वाटते.

तर त्या दिवशी एक पोट्टी बसली.
हातातला फोन तापून बंद, तोंड पांढरं.
हॉल तिकीट त्याच्यातच, अन् तीनले पेपर.
मी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून फोन.
तेव्हा चाळीस होते.
तिनं उजेड पुरा केला. मी डोळे मिटले.
पान उघडेना, गोल चकरी फिरत रायली,
पाचपावलीच्या पुलावर चढेपर्यंत तेहेतीस,
उतरेपर्यंत सव्वीस,
एकदा पासवर्ड चुकला, एकवीस.
मंग उघडलं : अल्फिया नाझ,
फोटोत आत्ताइतकीच भ्यालेली.

गोळीबार चौकात झेरॉक्सवाल्यानं छापून देलं,
दोन प्रती, दहा रुपये, ते मीच देले.
ती पळत गेली,
भाडं द्याचं तिच्या ध्यानात नाई,
मागाचं माह्या.

नवाले घरी पोचली तं दोन टक्के.
लाइट गेलेली, अख्खी गल्ली गच्चीवर.
रिंग वाजली.
मी पयलेच म्हटलं, थांब,
आज मी बोलते, तू ऐक, वेळ नाई.
अन् एका दमात सुरू झाली :
पोट्टी, पांढरं तोंड, चकरी, पूल, पासवर्ड...
"मंग तीन वाजता, माहीत हाय काय..."
काच काळी.
मी काळ्या काचेले आणखी दोन वाक्यं सांगतली
तेव्हा समजलं.

साडेदहाले लाइट आली.
फोन जागा झाला, पयले अल्फियाचं पान :
आपले सत्र समाप्त झाले आहे, पुन्हा लॉगिन करा.
त्याच्याखाली आम्रपालीचे सात मिस्ड कॉल,
अन् एक मेसेज :
आई, मंग? पुढं काय झालं?

तीन टक्के.
नेवारे म्हणते, असं करू नये.
मी प्लगच्या बाजूले, भिताडाले टेकून,
खाली फरशीवर फतकल मारून बसली
अन् वायर पुरते तेवढा फोन कानाले लावला.