रेंज

प्राँग्जचा दिवा दिसायच्या आधी
मोबाइलला रेंज येते.
अठ्ठावीस दिवस मुके पडलेले फोन
मेसडेकवर एकदम टणटणायला लागतात
आणि पनिकर ओरडतो, आली रे आली,
जशी काही बायकोच शिडी चढून वर आली.
सगळे घरी फोन लावतात.
मीही लावतो. नंतर.

आधी बघतो टेबल उघडलंय का.
काचेतलं हिरवं टेबल, उलटे तीन पत्ते,
आणि माझ्या नावाची एक खुर्ची,
महिनाभर कुणी बसलेलं नाही तिच्यावर.

समुद्रात मी बरा असतो.
हे सांगितलं तर डॉक्टर हसले नाहीत.
अश्विनीतले कमांडर, चष्मा कपाळावर,
म्हणाले, किती?
म्हटलं, घेत नाही सर, रमचा कोटा विकून टाकतो.
मी दारूचं विचारलं नाही, घोगळे.
मग मी आकडा सांगितला, बेअरिंग सांगतात तसा,
सरळ, सूर न हलवता.
अकरा लाख चाळीस.
खाली लॉनवर कुणीतरी पाईप लावून विसरलं होतं,
पाणी नुसतं वाहत होतं.

फंडातून पैसे काढायला कारण लागतं.
धाकट्या बहिणीचं लग्न मी तीनदा लावलं.
एकदा कणकवलीत, एकदा कुडाळात,
तिसऱ्यांदा क्लार्कच म्हणाला,
काय रे, पोरगी नांदत नाही का?
खरी मंदाकिनी तेव्हा दोन लेकरांची आई होती
आणि तिच्या राखीची ओवाळणी
माझ्याकडून राहूनच गेली होती.

कान तिखट, म्हणून मला सोनारवर घातलं.
मैलभरावरच्या बोटीचा पंखा किती पात्यांचा
ते मी डोळे मिटून सांगतो.
आई वाडीत सांगत फिरते,
माझो झील नेव्हीत सोनार आसा.
बायका विचारतात,
मगे सुनेक काय काय घडवल्यान?
घडवलं नाही गे.
मोडलं.
पाटल्या, मग कानातलं, मग मुलीच्या बारशाची चेन,
कुलाबा मार्केटमागच्या गल्लीत,
काटा हलायचा थांबेपर्यंत
मी दुकानदाराच्या भिंतीवरच्या गणपतीकडे बघत राहायचो.

नेव्ही नगरात बाकीच्या बायका
जहाज यायच्या तारखेला कॅलेंडरवर गोल करतात.
दर्शना त्या दिवशी सकाळी
गळ्यातली पोत उतरवते,
शेजारी पनिकरच्या घरी
तांदळाच्या डब्यात ठेवून येते,
आणि जुन्या गाठीच्या काळ्या दोऱ्यात
मला दार उघडते.
मैलभरावरचा पंखा ओळखणाऱ्याला
हे कळायला दोन वर्षं लागली.
तेही पनिकर पिऊन बोलला म्हणून.

आज दिवा दिसायच्या बऱ्याच आधी
फोन पनिकरच्या हातात दिला.
काही बोललो नाही. त्यानेही विचारलं नाही,
फक्त खिशात घातला आणि बटण लावलं.
माझी वॉच संपलीय, तरी खाली येऊन बसलोय,
हेडफोन लावून.

खोल पाण्यात इतका वेळ शांत होतं.
आता तळ वर येतोय, मुंबई जवळ येतेय,
आणि उथळ पाण्यात कोळंबी तडतडायला लागलीय.
शिकाऊ पोरांना मीच सांगतो, घाबरू नका,
ती नांगी आपटते, हजारोंनी, तिचा हा आवाज,
याच्याआडून इंजिन ऐकायला शिका.

पण आज ते ऐकू येतं तसं ऐका:
कुलाब्यापासून माझगावपर्यंत
शहराखाली बसून कुणीतरी
पत्ते पिसतंय.
निवांत. वाटायची घाई नाही.

वरून पनिकरचा आवाज, आली रे आली.
मी हेडफोन काढत नाही.
दर्शनाने आज पोत उतरवली असेल का,
ते इथून ऐकू येत नाही.