आठशे एक्केचाळीस

मिहिका बेलसरे, वय एकवीस महिने,
रक्तात शिसं: अकरा.
कागदावर एवढंच होतं.
पॅटरसनच्या चढावरचं लाकडी घर,
रेशमाच्या गिरण्या चालू होत्या तेव्हाचं,
खिडक्यांवर रंगाची सात पुटं.
जिना चढायच्या आधीच मला वाटलं,
उत्तर मिळालं.

घरमालक डिपाल्मा दारातच उभा, टोपी हातात.
"सगळं खरवडून नव्यानं रंगवलंय," म्हणत राहिला.
मी क्ष-किरणांचं पिस्तूल चौकटींना लावलं,
पाळण्याच्या गजांना,
रेडिएटरच्या फासळ्यांना.
काही नाही.
म्हातारा खरं बोलत होता.
मी सॉरी म्हणाले नाही त्याला.
म्हणायला हवं होतं.

ऋजुतानं चहा टाकला.
ओट्यावर मिसळणाचा डबा उघडा,
आणि त्यात हळद,
इतकी पिवळी की नजर अडखळली.
"इंदूआत्या आणतात दर वर्षी.
बॅगेत साड्या कमी, हळदच जास्त.
इकडची फिकी लागते, म्हणतात."
कपाटातून तिनं अख्खी पिशवी काढली,
अजून दोन किलो.

हिरव्या लेझरखाली हळद स्वतःच पेटून उठते,
सगळ्या रेघा त्या उजेडात बुडतात.
कुणी घरातलं विचारायला आलं
की मोठमोठ्यानं हसणाऱ्या बाईसारखी.
म्हणून दुसरा किरण घ्यायचा,
डोळ्यांना न दिसणारा,
जो तिला डिवचत नाही.
पिशवी न फोडताच तो आत गेला.
आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो.
बाहेर बर्फ ओढणारी गाडी गेली, कपबश्या वाजल्या.
सपाट. सपाट. जराशी थरथर.
मग आठशे एक्केचाळीसपाशी
एकच सुळका.

लेड क्रोमेट.
"म्हणजे?"
म्हणजे रंग, मी म्हणाले.
रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्यांत घालायचे तो.

पी हळद नि हो गोरी,
शाळेत बाई म्हणायच्या, घाई करणाऱ्याला.
इथे कुणाला घाई नव्हती.
रोज रात्री कोमट दूध, चिमूटभर,
खोकला होता म्हणून,
आठ महिने.

मिहिका माझ्या बुटाची नाडी सोडत होती.
तिचे ओठ मी बघितले नाहीत.

"टाकू कुठे?" ऋजुतानं विचारलं.
सिंकमध्ये नाही. परसात नाही.
कचऱ्यात तर नाहीच.
दोन पिशव्या, एकीत दुसरी, वरून चिकटपट्टी,
लाल लेबल, आणि हा फॉर्म.
ती लिहीत गेली, वजन, तारीख, पत्ता.
"कोणाकडून मिळाले" या रकान्यापाशी
पेन बराच वेळ थांबलं.
"दुकानाचं नाव लिहू का?
ते मला माहीतच नाही."
मी म्हणाले, माहीत असेल तेच लिहा.

तिनं लिहिलं, आत्या.
खोडलं.
मग त्याच्याच शेजारी, लहान अक्षरात,
पुन्हा तेच.